ठिगळांचा इतिहास

मृग तोंडावर आला, की पुण्याच्या मंडईबाहेर रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या भाजीवाल्यांत एक वेगळीच लगबग सुरू होते. दुपारी गिऱ्हाईक विरळ झाले म्हणजे गेल्या वर्षीच्या ताडपत्र्या बाहेर निघतात, उन्हात पसरल्या जातात, आणि दाभण-सुतळी घेऊन त्यांना ठिगळे लावण्याचे काम चालते. मी ज्यांच्याकडून गेली दहा-बारा वर्षे लिंबे, मिरच्या आणि कोथिंबीर घेतो, त्या मावशी यंदाही अशाच ठिगळ लावीत बसल्या होत्या. मी ताडपत्रीचे एक टोक उन्हासमोर धरले आणि मास्तरकीच्या सवयीने म्हणालो, "मावशी, एकदाच सगळी भोकं हुडकून बुजवून टाका की!"

मावशी म्हणाल्या, "उन्हात दिसतात ती मोठी, मास्तर. बारीक भोक पहिला पाऊसच दाखवतो."

त्यांच्या लिंबांच्या ढिगाशेजारी पैसे घेण्याच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांची पाटी उभी असते, आणि तिच्यामागे एक जुना मोबाईल. त्याच्या काचेला कोपऱ्यात तडा आहे. माझे पैसे जमा झाल्याचे पाहून मावशी मोठ्या समाधानाने म्हणाल्या, "हा फोन आता शहाणा झालाय बरं का. आधी सारखं आपलं 'अपडेट करा, अपडेट करा' म्हणून मागं लागायचा. मी 'नंतर' दाबायची. आता विचारतच नाही. सुटले!"

मीही हसलो आणि पिशवी उचलून घरी आलो. ते 'सुटले' मला पुढे चार महिने छळणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

त्याच सुमारास मी एका कादंबरीची जुळवाजुळव करीत होतो. तीत संगणक दुरुस्त करणारा एक तरुण यायचा होता. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तराला या विषयात गती ती किती असणार? तेव्हा हिंजवडीला नोकरीस असलेल्या एका माजी विद्यार्थ्याला दर रविवारी चहाला बोलावू लागलो. त्याने सांगितले ते ऐकून आणि त्याने दिले ते वाचून जो इतिहास हाती आला तो कादंबरीत मावण्याजोगा नव्हता. म्हणून तो येथे मांडतो.

पहिली मौज म्हणजे हा शब्द. सॉफ्टवेअरमधली चूक दुरुस्त करणाऱ्या तुकड्याला इंग्रजीत 'पॅच' म्हणतात, म्हणजे ठिगळच. हे रूपक नव्हते, ते खरोखरीचे ठिगळ होते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९४४ साली 'मार्क वन' नावाचे अवाढव्य गणकयंत्र चालू झाले. त्याला आज्ञा द्यायच्या त्या कागदी पट्टीवर भोके पाडून. भोक चुकीच्या जागी पडले, की त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवीत आणि नवे भोक पाडीत. अशी ठिगळे लावलेल्या त्या काळच्या पट्ट्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. यंत्रांची पिढ्यान्पिढ्यांची प्रगती झाली, कागद गेला, पण शब्द राहिला.

आता ब्राउझर म्हणजे काय, हे सांगायला हवे. आपण मोबाईलवर किंवा संगणकावर बातम्या वाचतो, रेल्वेचे तिकीट काढतो, बँकेचे खाते पाहतो, ते ज्या खिडकीतून पाहतो ती ही खिडकी. पण खिडकी हा शब्द थोडा फसवा आहे. खिडकीतून आपण नुसते बाहेर पाहतो. ब्राउझर मात्र बाहेरच्या अनोळखी माणसाने धाडलेले पत्र घरात घेतो, उघडतो, आणि त्यात लिहिलेल्या आज्ञा पाळतो. हे चित्र येथे दाखव, तो हिशेब कर, अमुक ठिकाणी बोट लागले तर तमुक उघड. १९९५ साली जावास्क्रिप्ट नावाची भाषा ब्राउझरात आली आणि पत्रांतून येणाऱ्या अशा आज्ञांना ऊत आला. पत्र धाडणारा सज्जन असेल तर सारे ठीक. तो लबाड असेल, तर ब्राउझरने आज्ञा पाळावी पण घरातल्या कपाटाला हात लावू नये, असा बंदोबस्त लागतो. या बंदोबस्तात राहिलेली फट म्हणजे आपले भोक.

भोक पडते कसे, हे माझ्या विद्यार्थ्याने मला पेठेतल्या वाड्याचा दाखला देऊन समजावले. वाड्यातल्या एका खोलीत भाडेकरू राहतो. मालकाच्या वहीत लिहिलेले आहे, 'निरोप असेल तर खोली सात'. भाडेकरू खोली सोडून जातो, पण वहीतली ओळ खोडायची राहते. मग तेथे एखादा भामटा येऊन बसतो. मालक नेहमीप्रमाणे सातव्या खोलीत जाऊन विचारतो, 'आता काय करायचे?' आणि भामटा सांगेल ते करतो! संगणकाच्या स्मृतीत अशा लक्षावधी खोल्या असतात, आणि क्षणाक्षणाला भाडेकरू बदलत असतात. एक ओळ खोडायची राहिली की झाले. २०२० साली गूगलच्या लोकांनी आपल्या क्रोम ब्राउझरमधल्या गंभीर दोषांची झडती घेतली, तेव्हा सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या अशा गैरव्यवस्थेचे निघाले, आणि त्यांतले निम्मे तर या रिकाम्या खोलीच्या जातीचे. म्हणजे हे कोणा आळशी कारागिराचे पाप नव्हे. घरच एवढे मोठे आहे, की त्याची झाडलोट कधी संपतच नाही.

पहिले गाजलेले भोक १९९५च्या सप्टेंबरातले. त्या वेळी नेटस्केप हा ब्राउझर जगात आघाडीवर होता. गुप्त मजकूर धाडताना तो दर वेळी नवे कुलूप बनवी, आणि त्याची किल्ली म्हणे कोणालाच ओळखता येणार नाही अशी. बर्कले विद्यापीठातल्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी ते कुलूप खोलून पाहिले. तेव्हा कळले, की किल्लीचे दाते घड्याळातली वेळ आणि संगणकावर त्या वेळी चालू असलेल्या कामाचे क्रमांक यांवरून कापलेले असतात. वेळ कोणालाही ठाऊक असते, क्रमांक अंदाजाने काढता येतात. एका मिनिटाच्या आत किल्ली तयार! नेटस्केपने काही दिवसांतच सुधारलेला ब्राउझर काढला, आणि पुढच्या महिन्यात अशी भोके दाखवून देणाऱ्यांना बक्षिसे जाहीर केली. चोराने सांगण्याआधी सज्जनाने सांगावे, म्हणून पैसे मोजण्याची ही चाल तेथून पडली.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट त्याच्या एकच महिना आधी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने सुरू केले होते. टेलिफोनच्या तारेवरून ९.६ केबीपीएस वेगाने तीन-चार एमबीची एखादी फाइल उतरवून घ्यायची तर तासभर लागायचा, तोही मध्ये फोन तुटला नाही तर. म्हणजे ठिगळ निघाले कॅलिफोर्नियात, पण ते आपल्या ताडपत्रीपर्यंत पोहोचायचे कसे, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच होता.

पुण्यात या पोहोचवण्याच्या धंद्यातूनच एक मोठी कंपनी उभी राहिली. साताऱ्याकडचे कैलास काटकर मॅट्रिकपुढे शिकले नाहीत. (हे वाचून मला उगीचच बरे वाटले.) कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता ते संगणक दुरुस्त करू लागले, आणि १९९३ साली त्यांनी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले असत. त्यांचे धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी तो व्हायरस काढून टाकणारी आज्ञावली लिहिली, आणि १९९५ साली 'क्विक हील' बाजारात आले. व्हायरस मारणारे औषध आणि ब्राउझरचे ठिगळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. औषध घरात शिरलेल्याला पकडते, ठिगळ शिरण्याची वाट बंद करते. पण दोन्हींची गरज एकच, ती ताजेपणाची. त्या दिवसांत नव्या व्हायरसांची यादी फ्लॉपीवर घालून गिऱ्हाइकाकडे न्यावी लागे. दूधवाल्याने रतीब घालावा तसे ते काम होते.

मोठ्या कंपन्यांनी हा रतीब १९९८च्या सुमारास तारेवरून घालायला आरंभ केला. २००३च्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने वार ठरवून टाकला, महिन्याचा दुसरा मंगळवार. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते. कचेऱ्यांतल्या संगणकवाल्यांना वेळापत्रक मिळाले, ते खूश झाले. पण या सोयीच्या पोटात एक विचित्र गोष्ट दडली होती, आणि ती समजली तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. भामटेही त्या मंगळवाराची वाट पाहत! कारण ठिगळ हातात आले, की जुन्या आणि नव्या कापडाची घडी शेजारी शेजारी ठेवून कोठे शिवण मारली आहे ते पाहता येते. जेथे शिवण तेथे भोक. ज्याने ठिगळ लावून घेतले तो सुरक्षित. ज्याने 'नंतर' दाबले, त्याच्या भोकाचा पत्ता मात्र आता जाहीर झालेला असतो. भोक कोणालाच ठाऊक नव्हते तोवर तो जेवढा सुरक्षित होता, तेवढाही आता राहत नाही.

मग माणसे 'नंतर' का दाबतात? आळस, हे एक उत्तर, आणि ते मास्तरांना आवडणारे आहे. पण माझ्या मते ते अपुरे आहे. आपण मराठी माणसे जुन्या ब्राउझरला का चिकटून बसलो, याचे एक कारण आपली लिपी आहे. युनिकोडच्या कोष्टकात देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती, पण ती प्रत्यक्ष वापरात रुळायला पंधराएक वर्षे गेली. तोवर अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापले खास टंक वापरीत. वाचकाकडे तो टंक नसायचा, म्हणून पानाबरोबर तो धाडण्याची युक्ती निघाली, आणि ती युक्ती बहुतकरून इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चाले. दुसऱ्या ब्राउझरने तेच पान उघडले, की अग्रलेखाच्या जागी टिंबे, स्वल्पविराम आणि रोमन अक्षरांचा सडा. परदेशात राहणाऱ्या कित्येक मराठी कुटुंबांनी गावाकडची बातमी वाचता यावी एवढ्यासाठी तो जुना ब्राउझर सांभाळला असेल. अशांना 'तुम्ही निष्काळजी आहात' असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आमच्या शाळेतही तसेच झाले. ज्या पोर्टलवर माहिती भरायची ते जुन्या ब्राउझरखेरीज उघडत नसे. म्हणून शिक्षकखोलीतल्या एकुलत्या एका संगणकावर हेडमास्तरांच्या सहीचा कागद चिकटवलेला होता, 'अपडेट करू नये'. तो कागद माझ्याच हस्ताक्षरात होता. अक्षर चांगले म्हणून ते काम माझ्याकडे. एके दिवशी तो संगणक उघडेना, आणि उघडला तेव्हा आतल्या तीन वर्षांच्या निकालपत्रकांची अक्षरे ओळखू येईनात. कारण कोणी शोधले नाही. आम्ही दोघा-तिघांनी दिवाळीच्या सुट्टीत जुनी रजिस्टरे काढून सगळे पुन्हा भरले. कागद तेवढा काढून टाकण्याचे कोणाला सुचले नाही. तो पुढे दोन वर्षे तेथेच होता.

इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ सालची. ती एवढी चिवट निघाली, की जानेवारी २०१० मध्ये जगाला तिचा पुरता प्रसाद मिळाला. गूगल आणि इतर अनेक कंपन्यांत हेरगिरी झाल्याचे १२ जानेवारीस जाहीर झाले. वाट होती ती याच ब्राउझरमधल्या भोकाची, आणि भोक होते रिकाम्या खोलीच्या जातीचे. जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी यंत्रणांनी नागरिकांना तो ब्राउझर तूर्त वापरू नका असे सांगितले. मायक्रोसॉफ्टने मंगळवारची वाट न पाहता २१ जानेवारीस ठिगळ काढले, आणि मग कबूल केले, की हे भोक त्यांना आदल्या सप्टेंबरपासून ठाऊक होते. ठिगळ फेब्रुवारीत देण्याचा बेत होता! पुढच्या वर्षी त्याच कंपनीने आमची सहावी आवृत्ती कृपा करून सोडा, अशी मोहीम काढली. दुकानदारानेच आपला माल टाकून द्या म्हणून गिऱ्हाइकाच्या पाया पडावे, असा हा प्रसंग.

तोपर्यंत गूगलने निराळीच वाट धरली होती. त्यांचा क्रोम २ सप्टेंबर २००८ रोजी आला, आणि त्याने विचारणेच बंद केले. नवी आवृत्ती गुपचूप यायची, ब्राउझर मिटून पुन्हा उघडला की लागू व्हायची. २००९ साली झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील आणि गूगलमधील दोघा संशोधकांनी, नवी आवृत्ती निघाल्यावर २१ दिवसांत किती जण तिच्यावर येतात, हे मोजले. क्रोमचे ९७ टक्के, फायरफॉक्सचे ८५, सफारीचे ५३, ऑपेराचे २४. जेथे माणसाला विचारले जात नव्हते तेथे ठिगळ सर्वांत लवकर लागले. लोकशाहीवर भाषणे देणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे आकडे थोडे टोचतात. घराची किल्ली कारागिराच्या हाती देऊन टाकावी, त्याने रात्री-अपरात्री येऊन भिंत लिंपून जावे, आणि आपल्याला कळूही नये? पण आकडे आकडेच आहेत.

आणि तो कारागीरच फितूर झाला तर? हा प्रश्न २०१७ साली आपल्या दारात येऊन उभा राहिला. त्या वर्षी १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भोकाचे ठिगळ दिले होते. ते ज्यांनी लावले नाही, त्यांच्यावर १२ मेला 'वॉनाक्राय' कोसळले. तरीही पुष्कळ जण सावध झाले नाहीत. २७ जूनला युक्रेनमध्ये दुसरी लाट उठली, तिला 'नॉटपेट्या' म्हणतात. ती शिरली कोठून? तेथील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! लोकांनी इमानेइतबारे अपडेट घेतले, आणि त्यातूनच विष आले. आत शिरल्यावर मात्र ते मार्चचे ठिगळ न लावलेल्या भोकांतूनही पसरत गेले. एकाच दिवशी, ठिगळ घेणारे आणि न घेणारे दोघेही बुडाले.

मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यातून ती लाट थेट न्हावाशेव्याला आली. जवाहरलाल नेहरू बंदरातल्या त्या समूहाने चालवलेल्या धक्क्याचे संगणक बंद पडले. कोणता कंटेनर कोठे ठेवला आहे, कोणता कोणत्या जहाजावर चढायचा, हे सांगणारेच कोणी उरले नाही. काम हाताने करण्याची पाळी आली. ज्या बंदरातून नाशकाची द्राक्षे आणि कांदे परदेशी जातात, त्याचा एक धक्का युक्रेनमधल्या हिशेबाच्या वहीने थांबवला.

तेव्हा मावशींसारख्यांना अपडेटची भीती वाटते ती अगदीच अडाणीपणाची नव्हे. यावर उपाय म्हणून ब्राउझर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या प्रत्येक ठिगळावर गणिताची एक मोहोर उठवतात. मोहोर जुळली नाही तर ब्राउझर ते ठिगळ घेतच नाही. जुन्या सरदारांच्या पत्राचा शिक्का तपासून मगच किल्ल्याचा दरवाजा उघडत, तशातली ही गोष्ट. शिक्काच चोरीला गेला तर काय, असे मी विचारले. विद्यार्थी म्हणाला, "सर, म्हणून तो शिक्का तिजोरीत असतो." मला ते उत्तर पुरेसे वाटले नाही, पण त्यालाही ते पुरेसे वाटत नसावे.

इकडे शर्यत चालूच आहे. क्रोमची दुरुस्ती आधी सर्वांना पाहता येते अशा ठिकाणी लिहिली जाते आणि नंतर लोकांपर्यंत जाते. म्हणजे भामट्याला ती मधल्या दिवसांत वाचता येते. हे अंतर एके काळी सरासरी ३५ दिवसांचे होते, ते १५वर आणले, आणि ऑगस्ट २०२३ पासून दर आठवड्याला ठिगळ देण्याचे ठरले. लगेच सप्टेंबरात त्याचे महत्त्व पटले. चित्रे उलगडणाऱ्या एका लहानशा आज्ञासंचात भोक निघाले आणि तोच संच सगळ्याच ब्राउझरांत वापरलेला! नुसते एक चित्र पाहिल्याने घात व्हावा, असे ते भोक. क्रोमने ११ तारखेला आणि फायरफॉक्सने १२ला ते बुजवले. आपल्या सरकारची 'सर्ट-इन' ही संस्था २००४ पासून अशा इशाऱ्यांचे काम करते. वर्तमानपत्रांत 'क्रोम वापरणाऱ्यांना सरकारचा इशारा' म्हणून अधूनमधून चौकट येते, ती यांच्याच सांगण्यावरून. मी ती चौकट पूर्वी राशिभविष्याइतक्याच गांभीर्याने वाचीत असे.

एका रविवारी मी सहज म्हणून विद्यार्थ्याला मावशींची गोष्ट सांगितली, की फोन आता विचारतच नाही. त्याने विचारले, "फोन किती जुना आहे?" मी आठवून सांगितले, सात-आठ वर्षांचा तरी असेल. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, तो शहाणा झाला नाही. त्याला सोडून दिलंय." क्रोमने २०२३च्या अखेरीस अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीचे फोन सोडले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आठव्या-नवव्याचे. त्यापुढे त्या फोनांतल्या ब्राउझरला ठिगळ मिळत नाही. शेजारच्या फोनला दर आठवड्याला मिळते, आणि त्या प्रत्येक ठिगळाबरोबर, या फोनमधल्या भोकाचा पत्ता जाहीर होतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू घ्यायला मंडईत गेलो. मावशींची ताडपत्री पावसाळा काढून उतरली होती, नव्या ठिगळांसकट घडी घालून मागे ठेवलेली होती. मी फोन मागून घेतला. आवृत्ती आठवी. त्यांना वाड्याच्या खोलीपासून सगळे सांगायचे मी घरून ठरवून गेलो होतो, पण गिऱ्हाइकांची रांग लागलेली. मी एवढेच म्हणालो, "मावशी, या फोनला आता ठिगळ मिळत नाही. नवा घ्यायला हवा."

"कितीला येतो?"

मी सांगितले. त्यांनी मागच्या ताडपत्रीकडे पाहिले, मग फोनकडे.

"चालतोय की चांगला," त्या म्हणाल्या, आणि काचेवरची धूळ पदराने पुसून त्यांनी तो पुन्हा पाटीमागे उभा केला. "दिवाळी होऊ दे मास्तर, नंतर बघू."